सातवीपर्यंत शिकलेली वस्ती

सिव्हमार्क, नऊ नंबर
१० फेब्रुवारी २०१९

प्रिय अल्मासा,

तुझं जानेवारीचं पत्र मिळालं. तीन ठिकाणी तू डॅनिश शब्दांना बोस्नियन प्रत्यय लावून काम भागवलं आहेस. मी लाल शाईने खुणा करून ठेवल्या आहेत, येशील तेव्हा दाखवीन. तू कोपनहेगनला निघालीस तेव्हा आपलं ठरलं होतं, महिन्याला एक पत्र, हाताने, आपल्या भाषेत. तू ते पाळतेस. माझी मास्तरकी मात्र जात नाही, रागावू नकोस.

मंगळवारी गृहसंस्थेने खालच्या सभागृहात वस्तीचा नकाशा लावला. पांढऱ्या इमारती राहणार आणि तिरक्या रेघांच्या जाणार. रेघा आपल्या नऊ नंबरवर आहेत. समजावून सांगायला आलेला मुलगा फार सभ्य होता. म्हणाला, "हा अजून फक्त एक विचार आहे." हिदायेता माझ्या कानात पुटपुटली, "विचाराच्या रेघा इतक्या सरळ?" मी दुभाषी, माझं काम मी केलं. मोठ्याने भाषांतर करून सांगितलं. पोरगा कानापर्यंत लाल झाला.

दरवर्षी एक डिसेंबरला सरकारची 'घेट्टो' वस्त्यांची यादी लागते, तुला माहीतच आहे. तिच्यात आपलं नाव तीनदा आलं. 'घेट्टो' हा शब्द आता पोस्टमनही सहज वापरतो. यंदा चौथ्यांदा आलं तर इमारत पाडणार आणि आम्हाला जिथे जागा असेल तिथे पाठवणार. एकीला उत्तरेला, एकीला बेटावर. मी बासष्टची आहे, हिदायेता त्रेपन्नची. समोरासमोर दारं उघडी ठेवून तेवीस वर्षं काढली आम्ही. आता नव्या गावात नव्या दाराशी जाऊन काय बोलायचं?

तू घरांच्या आकड्यांच्या कचेरीत असतेस. मला सरळ सांग, नेमकं काय केलं म्हणजे आमचं नाव निघेल? आम्ही जिन्यांना रंग दिला, पुढे गुलाब लावले. ते मोजतात का?

तुझी
मावशी

•

कोपनहेगन
२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

गुलाब मोजत नाहीत.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. गेल्या नोव्हेंबरपासून मी त्याच यादीच्या तक्त्यावर काम करते. तुला आवडणार नाही म्हणून बोलले नाही. पण नियम छापील आहेत, ते सांगायला हरकत नाही. वस्तीत निम्म्याहून जास्त माणसं 'पश्चिमेबाहेरची' असली, की पुढच्या चार अटी बघतात. त्यांतल्या दोन लागू झाल्या की नाव यादीत. (हो, बोस्निया पश्चिमेबाहेर. मी पण. माझ्या टेबलाशी बसून मी स्वतःला त्या रकान्यात मोजते.) सिव्हमार्क दोन अटींवर अडकलं आहे. एक कमाईची. ती एका वर्षात बदलणार नाही. दुसरी शिक्षणाची. तीस ते एकोणसाठ वयाच्या माणसांत शंभरातली साठहून जास्त नुसती प्राथमिक शाळा शिकलेली असली की ती अट लागते. आपली बासष्ट आहेत. माणसांत सांगायचं तर पंधरा-सोळांचा फरक.

आणि एक गोष्ट लिहायला नको, तरी लिहिते. इतर वस्त्यांत शिक्षणाचे आकडे विखुरलेले असतात, कुणी तिसरी, कुणी अकरावी. सिव्हमार्कमध्ये एकाच आकड्यावर डोंगर उभा आहे. सातवी. बोस्नियन सातवी, सोमाली सातवी, इराकी सातवी. शेजारचा सहकारी म्हणाला, "तुमच्याकडे आठवीचा वर्ग बांधायचा राहिला वाटतं." मी हसले. लहानपणी मी गणिताची वही घेऊन हिदायेताकाकूकडे जायचे, तर ती नुसती हसून मला खिमा भरलेलं बुरेक खायला द्यायची. का ते आता कळलं. बिचारीला येत नसेल.

मी शिकले आणि निघून गेले, तेव्हा तुमच्यातली एक शिकलेली कमी झाली. तक्ता बघताना हे रोज मनात येतं.

अल्मासा

•

सिव्हमार्क
१७ मार्च

प्रिय अल्मासा,

पत्र पोचलं. इथे वारा फार आहे, बाल्कनीतली एक कुंडी खाली गेली, सुदैवाने खाली कुणी नव्हतं.

सातवीचं मला काही माहीत नाही.

आणि हिदायेताबद्दल 'बिचारी' असं पुन्हा लिहू नकोस.

मावशी

•

कोपनहेगन
१२ मे

प्रिय मावशी,

दोन महिने तुझं पत्र नाही. फोनवर विचारलं की म्हणतेस, गुडघा दुखतो. गुडघ्याने कुणी पत्र लिहीत नाही.

माझं काही चुकलं असेल तर लाल शाईने लिही. पण लिही.

अल्मासा

•

सिव्हमार्क
२६ मे

प्रिय अल्मासा,

चुकलं ते माझं. हे पत्र मी चार वेळा सुरू केलं.

आपण इथे आलो तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. दोन वर्षं आपण निर्वासितांच्या छावणीत काढली, पत्र्याच्या खोलीत. मी शाळेत जर्मन शिकवलेलं, त्यामुळे डॅनिश मला लवकर आलं आणि छावणीने मला दुभाषी नेमलं. पंच्याण्णव साली सगळ्यांचे कामासाठीचे अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक रकाना होता, शाळेत किती वर्षं गेलात.

सुरुवातीला मी खरं लिहिलं. सलीहा डॉक्टर होती, तसं लिहिलं. तिचे कागद पडताळणीला गेले आणि ती दोन वर्षं त्याच खोलीत खिडकीशी बसून राहिली. तिच्या शेजारची बाई जेमतेम शाळा शिकलेली. तिला पंधरा दिवसांत मासळीच्या कारखान्यात काम मिळालं आणि लगेच सिव्हमार्कमध्ये घर. खरं घर, नळाला गरम पाणी, मुलांना शाळा. मी ते बघितलं. चौथी लिहिली की अक्षरओळखीच्या वर्गात बसवायचे, आठवीपासून वर पडताळणीची रांग. सातवीला सरळ काम. म्हणून मी सातवी लिहायला लागले. विचारून लिहायचे, पण दमलेल्या माणसांना विचारणं म्हणजे काय विचारणं. माझ्या हाताने बेचाळीस माणसं सातवी झाली.

पुढे सोमाली आले, इराकी आले. नवं बिऱ्हाड आलं की हिदायेता बुरेकची परात घेऊन जायची आणि वर सल्ला द्यायची, अर्जात सातवी लिहा. ते पुढच्यांना सांगायचे. सिव्हमार्कमध्ये ही रीतच पडली. आपण किती हुशार, असं वाटायचं आम्हाला. एक दिवस कुणी ते आकडे एकत्र मांडील आणि त्यावरून आमच्या भिंती पाडायच्या की ठेवायच्या हे ठरवील, असं कुणाच्या मनात आलं?

आणि माझं स्वतःचं मी खरं लिहिलं. त्यांना शिकलेली दुभाषी हवी होती. हे वाक्य लिहायलाच मला दोन महिने लागले.

आता हिदायेताचं ऐक. ती जमिनीखालच्या नद्या मोजायची. आपल्याकडे चुनखडीच्या डोंगरांत नदी वाहता वाहता एखाद्या खड्ड्यात शिरते आणि नाहीशी होते. ती पुढे कुठे जाते ते कुणालाच ठाऊक नसतं. हिदायेता त्या खड्ड्यात हिरवा रंग ओतायची आणि डोंगरापलीकडच्या एकेका झऱ्यावर माणूस बसवायची. मग वाट बघायची. एकदा अकरा दिवस काहीच झालं नाही. बाराव्या दिवशी तीस किलोमीटरवरच्या एका गावात मशिदीचा हौद हिरवा झाला. नमाजापूर्वी हातपाय धुणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे. ते घाबरून इमामाकडे धावले. आणि ही तिकडे खड्ड्याच्या काठावर बसून रडत होती, कारण डोंगराच्या पोटातून जाणारी एक अख्खी नदी आता नकाशावर येणार होती. तिच्या आधी ती कुणाला माहीतच नव्हती.

तिने हे मला धुण्याच्या खोलीत सांगितलं, चादरीची दोन टोकं धरून. घडी पूर्ण झाली, तिने ती टोपलीत ठेवली आणि शाळेचे जिने पुसायला निघून गेली.  

तुझी वही बघून ती हसायची, कारण तुझ्या मास्तरणीने उदाहरण चुकीचं घातलेलं असायचं. हे तिने मला तेव्हाच सांगितलं होतं.

मी काय करू ते सांग.

मावशी

•

कोपनहेगन
२ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी बागेतल्या बाकावर बसून वाचलं. शेवटी कचेरीत परत गेलेच नाही.

मी सात महिने त्या डोंगराकडे बघत होते, मावशी. त्याच्या पोटातून काय वाहतंय याची मला कल्पना नव्हती. मी वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि त्या हातांना एकदाही काही विचारलं नाही.

पण आता थंड डोक्याने ऐक. जुनं शिक्षण इथे मान्य करून घेता येतं, त्यासाठी कचेरी आहे. अर्ज केला आणि मान्य झालं की मोजणीत धरतात. पण अर्ज करणं म्हणजे आधी चुकीची माहिती दिली होती असं कबूल करणं. तो अर्ज कामासाठी होता, राहण्याच्या परवान्यासाठी नव्हता, तरी कोण कसा अर्थ लावेल सांगता येत नाही. तू नागरिक आहेस, हिदायेताकाकू आहे. आपल्या जिन्यातले सोमाली वर्समेकाका नागरिक नाहीत, त्यांचा परवाना अजून दर काही वर्षांनी नवा होतो. आणि तू? दुभाष्यांच्या यादीतून तुझं नाव काढतील. तेवढ्यावर भागलं तर नशीब.

म्हणून गप्प बस. इमारती परत बांधता येतात.

मी साहेबांना सांगितलं की माझी मावशी सिव्हमार्कमध्ये राहते, मला या तक्त्यावरून काढा. त्यांनी काढलं. आता यादी मलाही एक डिसेंबरलाच कळेल.

अल्मासा

•

सिव्हमार्क
२३ जून

प्रिय अल्मासा,

तुझं ऐकलं नाही.

मागच्या आठवड्यात गुरुवारी भाडेकरूंची सभा होती. अध्यक्ष अर्थात बिर्ते. दोन नंबरमधली ही डॅनिश बाई अठरा वर्षं निवडून येते, कारण ती स्वतः काजळी काढायला धुराड्यावर चढते. सायकलींच्या छपरावर तासभर भांडण झालं. मग तिने विचारलं, "आणखी काही?" मी उभी राहिले.

मी सगळं सांगितलं. आधी डॅनिशमध्ये, मग आपल्या भाषेत, कारण माझंच भाषांतर दुसऱ्या कुणावर टाकणं बरं दिसलं नसतं. म्हणाले, मी कचेरीला लिहून देते की सातवी मी लिहिली, कुणालाही न विचारता, यांना काही माहीत नव्हतं. ज्यांना आपलं शिक्षण मान्य करून घ्यायचं असेल त्यांनी माझा कागद जोडावा.

 मग हिदायेता बसल्या जागेवरून म्हणाली, "खोटं बोलल्याची कबुली देतेस आणि त्यातही खोटं घालतेस? मला विचारलं होतंस की."

"तू म्हणाली होतीस, काहीही लिही, मला झोप आलीय."

"मग? ती काय संमती नव्हती?"

लोक हसले. मागून इराकी सुहामने हात वर केला. "मला कुणी लिहून दिलं नाही. मी माझ्या हाताने सातवी लिहिली. बसऱ्याला मी बारावीला गणित शिकवत होते." मग एकेक जण उठायला लागला. दाई. नकाशे काढणारा. जनावरांचा डॉक्टर, ज्याने इथल्या मासळीच्या कारखान्यात वीस वर्षं माशांची डोकी उडवली. प्रत्येकाच्या बोलण्याचं मी भाषांतर करत होते आणि माझा आवाज मला परका वाटत होता. मी या माणसांसाठी दवाखान्यात बोलले होते, शाळेत, पोलिसांत. माझ्या तोंडून त्यांची दुखणी गेली, तक्रारी गेल्या, पण ही माणसं त्या तोंडातून कधी गेलीच नव्हती. मुलं भिंतीशी उभी होती, मिशा फुटलेली, कडेवर स्वतःची पोरं घेतलेली. ती आपल्या आईबापांकडे बघत होती, जसं समुद्र पहिल्यांदा दिसल्यावर बघतात.

बिर्ते हिदायेताला म्हणाली, "अठरा वर्षं मी तुला सांडपाण्याचे नळ चित्र काढून समजावत होते."

हिदायेता मला म्हणाली, "तिला सांग, चित्रं छान होती."

वर्समे उठले नाहीत. सभेनंतर मी त्यांना जिन्यात गाठलं. "भाऊ, तुम्ही यात पडू नका. तुमच्या परवान्याचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "बघतो," आणि वर गेले. आठ दिवस दिसले नाहीत. काल दार वाजलं. हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद, समुद्राच्या पाण्याने कडा खाल्लेला. बर्बेरा बंदरात ते परदेशी जहाजांवर चढून त्यांना खडकांमधून आत आणायचे. "एकही घासलं नाही, ताई," म्हणाले. "एवढ्या मोठ्या जहाजांना मी म्हणायचो, माझ्यावर विश्वास ठेवा. आता मीच खाली दडून बसू?"

एकतीस कागद जमले. सगळ्यांनी माझ्या कबुलीखाली एक ओळ घातली, "आम्हाला माहीत होतं." मी नको म्हणत होते.

मावशी

•

कोपनहेगन
१ डिसेंबर

प्रिय मावशी,

रविवार असूनही आम्ही कचेरीत होतो, सकाळी नऊला यादी लागली. मी ती इतरांसारखीच पडद्यावर पाहिली. माझं जुनं टेबल पलीकडेच आहे, तरी मी तिकडे गेले नाही. दोनदा वरून खाली वाचली, मग खालून वर. सिव्हमार्क नाही.

शिक्षणाचा आकडा एकोणसाठ पूर्णांक सहा. एकतिसांपैकी सतरा जणांचं शिक्षण वेळेत मान्य झालं. वर्समेकाका त्या सतरांत आहेत. त्यांच्या परवान्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, पुढच्या नूतनीकरणाला विचारतील की नाही ते मला माहीत नाही. कमाईची अट आहे तशीच आहे. पुढच्या वर्षी काय होईल तेही माहीत नाही, कुणी साठीचा झाला की मोजणीबाहेर जातो, कुणी निघून जातो. पण या वर्षी नऊ नंबर पडणार नाही.

सहकारी म्हणाला, एका वर्षात असा बदल त्याने कधी पाहिला नाही, वरून चौकशी आली तर सांगायचं काय? मी म्हटलं, खरं सांग, ती माणसं आधीपासून तिथेच होती.

दुभाष्यांच्या यादीतून तुझं नाव काढल्याचं मला हिदायेताकाकूच्या मुलाकडून कळलं. सप्टेंबरातच. तू तीन पत्रांत मला ते लिहिलं नाहीस. चोवीस वर्षं तू तेच काम केलंस. आता दिवसभर काय करतेस?

अल्मासा

•

सिव्हमार्क
८ डिसेंबर

प्रिय अल्मासा,

रविवारी खाली कुणी ढोल आणला, मग पोलीस आले, मग पोलिसांना बुरेक दिलं. एवढंच सांगते, बाकीचं तू आल्यावर.

नाव काढलं ते बरोबरच केलं. दुभाष्याने ऐकलं तेच सांगायचं असतं आणि मी बेचाळीस वेळा दुसरंच सांगितलं. मला त्याचं दुःख नाही असं लिहिलं तर तू लाल शाई घेशील. सकाळी बाहेर जायचे कपडे घालते आणि मग आठवतं.

पण गुरुवारचं सांगते. नगरपालिकेच्या पाण्याच्या कचेरीने हिदायेताला बोलावलं. गावाच्या तीन विहिरींत कुठून तरी शेतातलं औषध उतरतंय, आणि मान्यता मिळालेल्यांच्या यादीत त्यांना तिचं नाव दिसलं. ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर." मी म्हटलं, "मला आता तोंड उघडायची परवानगी नाही." ती म्हणाली, "मग मिटून ये."

खोलीत दोन माणसं होती आणि टेबलावर मोठा नकाशा. त्यातल्या एकाने हळूहळू, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, हे पाणी कुठून येत असेल असं तुम्हाला वाटतं? मी सवयीने तिच्याकडे वळले. तोवर ती बोलायला लागली होती.

डॅनिशमध्ये, अल्मासा. न अडखळता. सुरुवातीला मला हसू आलं, कारण तिचे उच्चार दहा वर्षांच्या पोरांचे आहेत. चौथीच्या वर्गाबाहेरचा बोळ ती तेवीस वर्षं पुसत होती, दार उघडं असायचं. मग मी ऐकायला लागले. खडूसारख्या चुनखडीचा थर, वाळू, चिकणमाती, त्यातून पाणी कुठे रेंगाळतं, कुठे पळतं. त्या पोरकट उच्चारांत ती जमीन उघडत होती. तिचं बोट नकाशावर एका ठिकाणी टेकलं जिथे काहीच काढलेलं नव्हतं, नुसतं शेत. म्हणाली, "इथे बघा आधी." दोन्ही माणसं उठून तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. मी खुर्चीत बसून होते, पर्स मांडीवर धरून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मैत्रिणीचं बोलणं माझ्यातून न जाता मला ऐकू आलं.

बसमध्ये बसल्यावर विचारलं, "कधीपासून येतं तुला?"

"झाली असतील पंधरा वर्षं."

"मग दातांच्या डॉक्टरकडे, बँकेत, सभेत, प्रत्येक वेळी मला का ओढून नेत होतीस?"

ती हातमोज्यातला धागा काढत होती. "अल्मासा गेली, त्यानंतर तू पडदेसुद्धा उघडत नव्हतीस. कुणी दुभाषी म्हणून बोलावलं की मात्र केस विंचरून निघायचीस."

"मला सांगायचं नाहीस?"

"तू मला अर्धवट झोपेत विचारून सातवीत बसवलंस ते काय नीट सांगून?"

 आमचा थांबा आला. ती पुढून उतरली आणि उतरताना बसचालकाला काहीतरी म्हणाली. तो इतका हसला की दार बंद करायचं विसरला. मी मागे होते, मला ऐकू आलं नाही. घरापर्यंत चालत येताना विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

तुझी
मावशी